जोंधळ्यातला ळ

आमच्या गावच्या नाथाजीला शिकवायची खोड होती. शिकायची नव्हती. मराठी तिसरीच्या वर्गात तो इतका रुतून बसला की शेवटी शाळेनंच त्याचा नाद सोडला. पण बैल कसे जुंपावेत हे तो जन्मभर बैल जुंपणाऱ्याला सांगे आणि भाकरी कशी थापावी हे बायकोला. रहिमतपूरच्या बाजारात मिरची विकणारा आणि घेणारा, दोघांनाही थांबवून तो मिरचीची जात समजावायचा. लोक चेष्टेनं त्याला मास्तर म्हणत. त्याला ते खरंच वाटे.

अशा माणसाला सरकारनं फौजेत हवालदार केलं. आता सरकारला कोण शिकवणार?

दुसरी लढाई पेटली तेव्हा गावातली बरीच पोरं भरती झाली. मी सिद्धू, पलटणीचा लांगरी झालो, म्हणजे चुलीपुढचा शिपाई. माझ्याबरोबर हरणाबाईचा धुळा होता. तिचा एकुलता एक. मेंढरांमागं वाढलेला, कमी बोलणारा, शीळ मात्र अशी घालायचा की दोन टेकड्यांपलीकडची मेंढरं माना वर करत. नाथाजी रजा संपवून परत निघाला होता, तोच आम्हाला घेऊन जाणार होता. रहिमतपूरच्या ठेसनावर हरणाबाईनं त्याचा हात धरला.

"नाथ्या, पोरगं तुज्या वटीत घातलंय. त्येला संभाळ."

"काकी, मी हाय न्हवं? असा शिकवतो बघ त्येला!"

"शिकवू नगंस. संभाळ."

गाडी सुटली. नाथाजीनं कराड येईपर्यंत आम्हाला गाडीत कसं बसावं ते शिकवलं.

त्रेचाळीस साली आम्ही आसामपलीकडच्या डोंगरात होतो. समोर जपानी. अंधार पडला की ते झाडीतून हिंदुस्थानीत हाका मारत, "ए भाई, इधर आओ, मैं जखमी हूँ!" पहारेकरी फसून पुढं जाई आणि जीव घालवून बसे. परवलीचा शब्द ठेवावा, तर तो ते ऐकत आणि दुसऱ्या दिवशी तोच म्हणत.

आमच्या कप्तानसाहेबांनी मराठी शिकायला मुन्शी ठेवला होता, तरी धुळाला ते 'डूला' म्हणत. एकदा त्यांची ती हाक ऐकून नाथाजी पळी टाकून उठला. पळी माझी होती. तो ओरडला, "सिद्धू, गड्या, सायबाला जर ळ येत न्हाई, तर जपान्याच्या बाला येनार हाय व्हय?"

खरं सांगतो, कल्पना फक्कड होती. मी त्याचा दुष्मन नाही. परवलीचा शब्द ठरला 'जोंधळा'. पहारेकऱ्यानं 'हुकुमदार' म्हणायचं आणि येणाऱ्यानं 'जोंधळा'. हे हुकुमदार म्हणजे साहेबाचं 'हू कम्स देअर'. आपल्या लोकांनी घासून घासून त्याचं हुकुमदार केलेलं. इंग्रजीची आम्ही जी दशा केली, तिचा सूड पुढं उगवणार होता, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?

आठवड्याच्या आत एक जपानी काटेरी तारेजवळ येऊन "जोंदारा, जोंदारा" करत मेला. नाथाजीची छाती फुगली. साहेबांना तेवढा ळ येईना, म्हणून ते दिवस मावळल्यावर तंबूबाहेर पाऊलच टाकीनात. त्यामुळं आमची बरीच सोय झाली.

आता फौजेत त्या वेळी एक नवीन साथ आली होती. एका पलटणीला ठेच लागून जे शहाणपण आलं, ते वरच्या कचेरीनं गोळा करायचं, छापायचं आणि सगळ्या पलटणींना वाटायचं. हेतू चांगला होता. पण जळवांना तंबाखूचं पाणी लावायचा आमचा धडा वाळवंटातल्या पलटणीला पोचला आणि वाळूत तंबू कसा ठोकावा याचा त्यांचा धडा आम्हाला आला. आम्ही गुडघाभर चिखलात उभं राहून तो नीट वाचून घेतला.

जोंधळाही असाच वर गेला. वर कुणीतरी तो इंग्रजी अक्षरांत लिहिला, दुसऱ्यानं टाइप केला, तिसऱ्यानं तपासला. छापून खाली आला तो 'जंडाला' होऊन. प्रत्येक पलटणीनं परवलीचा शब्द म्हणून हाच वापरावा असा हुकूम. ज्या अक्षरासाठी एवढी धडपड, ते अक्षरच गळालं होतं. जंडाला तर जपान्याचं दुधपितं पोरही खपवून नेईल.

नाथाजी कागद घेऊन साहेबांकडं धावला. साहेब म्हणाले, "हवालदार, कागदात आहे तेच बरोबर." वर असंही म्हणाले, की हा धडा शिकवायला तुलाच सगळ्या पलटणींत फिरायचंय.

झालं. फिरायचं, फळ्यापुढं उभं राहायचं, हातात छडी, पुढं शंभर माणसं! नाथाजीनं ळ तिथंच सोडून दिला. परत आमच्यात आला तो म्हणतच आला, "गड्या, कागदात हाय तेच बरोबर." दोन महिने तो डोंगराडोंगरांतून जंडाला शिकवत हिंडला. पठाणांना शिकवला, गुरख्यांना शिकवला, मद्राशांनाही शिकवला. त्यातल्या काहींना ळ आईच्या दुधाबरोबर आलेला, त्यांनाही त्यानं तो विसरायला लावला.

दौरा संपला तेव्हा त्याला रस्त्यावरून आणायला मी आणि धुळा खेचर घेऊन गेलो. परतताना झांजड पडली, अंधारून आलं. आमच्या तळाच्या अलीकडं उत्तर हिंदुस्थानातल्या एका पलटणीची चौकी होती. झाडीतून आवाज आला, "हुकुमदार!"

धुळा हळूच म्हणाला, "मास्तर, जंडाला म्हना. आमी रोज त्येच म्हनतो."

पण नाथाजी दोन महिने टाळ्या ऐकून आला होता. पुढं पहाऱ्यावर उभं असलेलं पोरगं आपल्याच धड्यावर शिकलेलं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला गप्प बसवेना. शब्दाच्या जन्मदात्याच्या तोंडून खरा उच्चार ऐकण्याचं भाग्य त्या पोराला लाभावं असं त्याला वाटलं असावं. तो ताठ उभा राहून म्हणाला, "जोंधळा!"

"हुकुमदार!"

"जोंधळा, जोंधळा! आरं, जीभ वर टाळूला लाव. ळ! मी त्योच हवालदार हाय, ज्यानं..."

अंधारात, भरलेल्या बंदुकीपुढं, हा माणूस शिकवत होता. तिसरं हुकुमदार झालं. धुळा लगाम सोडून "जंडाला! जंडाला!" करत पुढं धावला आणि त्याच वेळी बार उडाला.

मास्तरला खरचटलंही नाही. धुळा माझ्या मांडीवर गेला. शीळ घालायला ओठ करावेत तसे त्यानं ओठ केले, पण वारा निघाला नाही. मला त्या पहारेकऱ्याचा राग येत नाही. ते पोरगंही नंतर उकिडवं बसून रडत होतं.

चौकशी बसली. पहारेकऱ्यानं नियमानं तीनदा विचारलं होतं, शब्द कागदाबरहुकूम नव्हता, सबब कुणाची चूक नाही. महिन्याभरात नवा धडा छापून आला की परवलीचा शब्द छापल्याप्रमाणेच उच्चारावा. तो शिकवायला अनुभवी माणूस हवा होता. नाथाजीला बढती देऊन जमादार केलं आणि पाठवलं. तोही गेला. मी त्या दिवशी त्याच्या डाळीत मीठ घातलं नाही. माझ्या हातात तेवढंच होतं.

इकडं गावात तार आली. शाळेतल्या गुरुजींनी वाचली, शिपाई धुला कामास आला. हरणाबाई म्हणाली, "धुला? ह्यो कोन? माजा धुळा हाय." गुरुजींनी समजावलं, टपालवाल्यानं समजावलं. ती प्रत्येकाला तेच सांगे. धुळाचं घोंगडं खुंटीला होतं, ते तिनं हलवलं नाही.

लढाई संपल्यावर मी नाथाजीच्या आधी घरी आलो आणि पहिल्यांदा तिच्याकडं गेलो. सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मला ताक दिलं आणि म्हणाली, "तू सांगितलंस, बरं केलंस. पर ज्येच्या वटीत घातला व्हता, त्येनं सांगाया पायजे. तवर मी न्हाई रडनार."

जमादारसाहेब आले ते लेझमीच्या गजरात. छातीवर बिल्ले, हातात छडी. मारुतीपुढं लोक जमले आणि त्यांनी जंगलातल्या लढाईवर भाषण ठोकलं. जपानी कसा येतो, शब्द कसा ओळखावा. जोंधळ्याची गोष्ट सांगितली, जंडाल्याची गाळली. लोक हसले, टाळ्या पडल्या. मी मागं उभा राहून दात खात होतो.

भाषण संपवून तो घराकडं वळला, तर पाराजवळ हरणाबाई वाटेत उभी.

"नाथ्या, माजं पोरगं कुटं हाय?"

त्याची छडी खाली आली. "काकी, मी वर लिवतो की. चौकशी करतो. तारंत नाव धुला हाय, आन् कागदात हाय तेच..."

"कागूद ऱ्हाऊ दे. तुज्याम्होरं कोन मेलं? नाव सांग."

नाथाजीनं इकडंतिकडं पाहिलं. सगळं गाव उभं होतं. तो पुटपुटला, "धुला."

"पुना म्हन."

"काकी, आगं, तू ऐक तरी..."

ती वाटेतून हलली नाही. म्हातारी हातभर उंचीची, पण त्या बिल्ल्यांना बाजूनं जायची छाती होईना. "नाव सांग," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

सगळ्या फौजेला शिकवून आलेल्या त्या माणसानं हातातली छडी पाराला टेकवली. मग जीभ टाळूला लागली.

"धुळा," तो म्हणाला. "काकी, आपला धुळा. माज्यापायी."

"व्हय," हरणाबाई म्हणाली. "आसंच म्हनायचं. जा आता."

ती बाजूला झाली. नाथाजी खाली मान घालून गेला. आणि हरणाबाई तिथंच पाराला टेकून बसली आणि पोराचं नाव घेऊन मोठ्यानं रडायला लागली.