कुलवृत्तांतातलं आजीचं माहेर

माझ्या चुलतभावाने आमच्या आत्याला फसवलं. घराण्याचा कुलवृत्तांत त्याने छापला आणि प्रत्येक सुनेपुढे तिचं माहेरचं आडनाव दिलं. माझ्या आजीपुढेही दिलं. आजी आत्याच्या बाळंतपणातच गेली होती, आणि लग्नातल्या मानपानावरून व्याह्यांशी भांडण झाल्यामुळे त्या घराचं नाव आमच्यात कुणी काढत नसे. नव्वदीच्या आत्याने आईचं माहेर पहिल्यांदा वाचलं ते त्या पुस्तकात. मला म्हणाली, "तिथलं कुणी असेल तर एकदा भेटव रे."

ठाण्याच्या नौपाड्यातलं दुकान मी शून्यातून उभं केलं. 'नाही' ऐकायची मला सवय नाही. आमचं मूळ घर कल्याणचं, म्हणून तिथली त्या आडनावाची घरं पालथी घातली. त्यांची मुलगी आमच्याकडे कधी दिलीच नव्हती. पालिकेच्या जुन्या मृत्यूनोंदीत आजी सापडली, पण नुसती आजोबांची बायको म्हणून. मी कारकुनावर भडकलो. तो म्हणाला, "काका, ओरडून काय होणार? लिहिलेलंच नाही."

शेवटी भावाला वर्तकनगरला गाठलं.

"अरे, जागा कोरी बरी दिसेना," तो म्हणाला. "आपल्यात ज्यांच्या मुली यायच्या त्यातलं एक आडनाव टाकलं. कोण तपासतंय?"

खरं आडनाव सांगणारं आता कुणीच उरलेलं नाही. आत्या डोंबिवलीहून रोज फोन करते, कुणी सापडलं का विचारते, आणि मी 'शोधतोय' म्हणून फोन ठेवतो. पण मी का सांगायचं? ज्याने छापलं त्याने तिच्या खाटेपाशी बसावं आणि तिला उत्तर द्यावं.