कान्हा सरांचं गाव

नौपाड्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये कान्हा सर जावास्क्रिप्ट शिकवायचे. साल नव्याण्णव. राहायला चेंदणी कोळीवाड्यात, पण क्लासात विचारलं की म्हणायचे, "इथेच, नौपाड्यात." आई भागीरथी नौपाड्याच्याच बाजारात मासळी विकायची. तिच्या मासळीच्या पाटीवर हा शिकला, आणि नोकरी लागल्यावर तिलाच म्हणाला, "आये, बाजारात मला हाक नको मारूस." ती बरं म्हणाली. लाज कशाची वाटावी एवढंही शिक्षण शिकवत नसेल, तर त्याला काय चाटायचंय?

त्या दिवशी धडा गेटर-सेटरचा होता. एका नव्या ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीत ते नुकतंच चालायला लागलेलं. सरांनी स्वतःच्याच नावाचं ऑब्जेक्ट, म्हणजे माहिती ठेवायची पेटीच, बनवून आणलं होतं. त्यात गाव भरलं की सेटर ते आत ठेवून देई. गाव विचारलं की गेटर चाले, आणि आत काहीही असो, "नौपाडा" असंच उत्तर देई.

"आत काय आहे ते बाहेर कुणाला कळत नाही," सर जरा फुशारकीने म्हणाले.

उत्तरा नावाच्या मुलीने कोड नीट वाचला होता. आतली माहितीही साध्या नावानेच ठेवलेली, नावाआधी फक्त एक अंडरस्कोर, खालची रेघ. तिने पुढे येऊन ते नाव टाइप केलं. पडद्यावर आलं, चेंदणी कोळीवाडा. घरी करून बघताना सरांनी खरं गाव भरलं होतं आणि काढायचं विसरले होते.

"सर, हे कोणाचं गाव?"

"असंच, उदाहरणाला घेतलंय." सरांनी घाईने पडदा कोरा केला.

क्लास सुटल्यावर उत्तरा बरोबरच निघाली. "आमच्या मासळीवाल्या मावशी त्या पडद्यावरच्या गावच्याच आहेत, सर. या ना, बाजार वाटेतच आहे." नाही म्हणायला कारण सुचेपर्यंत ते भागीरथीसमोर उभे होते.

तिने वर पाहिलं. ओठांवर आलेली हाक गिळली. "काय देऊ, सायेब?"

"मावशी, आमच्या सरांना ओळखता?" उत्तराने विचारलं.

"नाय गो बाय. मी कशी वळखीन?"

कान्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान आता तरी 'आये' म्हणायचं होतं, एवढंच. त्याने तोंड उघडलं आणि विचारलं, "बांगडा कसा दिला?"

तिने भाव सांगितला, परक्या गिऱ्हाइकाला सांगतात तो.