बरगड्यांना रस्सा नसतो

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. आखाडातल्या शेवटच्या रविवारी, दुपारी, पुरुषांची पंगत हात धुवायला उठली तेव्हा. आमच्या संघटनेत आम्ही मोर्च्यांची पत्रकं काढतो, त्यात पहिली ओळ अशीच लिहायची शिस्त आहे: कुणावर, कधी. बाकीचं मागून. हे पत्रक नाही, आणि अन्याय करणारे सगळे माझ्याच घरातले आहेत, तरी सवय तीच ठेवते.

वहिनीला पाचवा महिना होता. डोहाळे लागले ते धुराचे. चिंचा, बोरं सगळं आणून दिलं, तिनं बाजूला सारलं. शेजारी कुणी वांगं भाजलं की ही खिडकीत जाऊन उभी. शेवटी एकदा लाजत म्हणाली, धुरात शिजलेली बरगडी खावी वाटती, हाडाला चिकटलेली. दादाच्या मित्राचं हॉटेल बंद पडलं होतं, तिथली धुराची पेटी दादानं उचलून आणली. कपाटाएवढं लोखंडी धूड. बाजूच्या डब्यात पेलेट टाकायचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटभर कांड्या. विजेवरचा स्क्रू त्या थोड्या थोड्या आत ढकलतो, पंखा फुंकर घालतो, आणि आतलं मटण नुसत्या धुरावर, सावकाश शिजत राहतं. आमचे वडील, अण्णा, त्याला धुरांडं म्हणायचे.

दादानं आधी बॉयलरच्या कांड्या आणल्या होत्या, पळाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या. पळाटीवर हंगामभर काय काय फवारलेलं असतं हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. त्या परत गेल्या, आंब्याच्या लाकडाच्या आल्या.

पेटी वहिनीसाठी आली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आखाडाचा शेवटचा रविवार म्हटल्यावर अण्णांनी टेंभुर्णीच्या काकांना फोन केला. काकांनी सोबत आणखी माणसं आणली. दुसऱ्या दिवशी दिव्याची अवस, मग श्रावण, मग गणपती, गौरी, नवरात्र. आमच्याकडे तोवर वशाट शिवत नाहीत. म्हणजे वहिनीला मिळायचं ते आजच. 

खाटकाच्या दुकानात दादासोबत मीच गेले होते. त्याचा सत्तूर सवयीनं वर जातो. अख्ख्या पट्ट्या ठेवा, तोडू नका, असं मी ओरडून सांगितलं तेव्हा रांगेतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरी वहिनीनं बरगड्यांवरचा पातळ पडदा सोलून काढला आणि कोरडा मसाला चोळला. मसाला कुठला, तर येसूर. भाजलेल्या गव्हा-डाळीचा, धन्याचा, मिरचीचा. येसूर रश्श्यासाठी असतो. त्यानं रस्सा दाट होतो, आणि दाट रश्श्यात तुकडे किती कमी आहेत ते दिसत नाही. चार माणसांचं मटण चौदा जणांना पुरवायची ती युक्ती आहे. तो मसाला त्या दिवशी पहिल्यांदा कोरडा, थेट हाडामासाला लागला. यातली मेख तेव्हा आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आली नाही.

सकाळीच गच्चीवर पत्र्याखाली पेटी पेटवली. वहिनी समोर स्टूल टाकून बसली. आभाळ भरलेलं होतं. पेलेटला ओल लागली की त्याचा परत भुसा होतो आणि स्क्रू अडकतो, म्हणून मी पोत्यावर सतरंजी, सतरंजीवर ताडपत्री टाकली आणि तरी दर थोड्या वेळानं हात घालून बघत होते. झाकण उघडायचं नाही, उघडलं की आतली ऊब जाते. आत काय चाललंय ते कळत नाही. नुसता धूर बघायचा. निळसर, पातळ असला तर बराबर. पांढरा, दाट झाला तर कडू.

मग लाइट गेली. पंखा थांबला, स्क्रू थांबला, आणि धूर पांढरा व्हायला लागला. मी जिन्यावरून दादाला हाका मारल्या. त्यानं खालच्या इन्व्हर्टरची वायर खिडकीतून वर घेतली, तोवर वहिनी पेटीच्या पत्र्यावर तळहात धरून बसली होती, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. म्हणाली, "ताई, वाया न्हाई ना जाणार?" मी नाही म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं.

वाया गेलं नाही. दुपारी झाकण उघडलं तेव्हा बरगड्यांवर येसुराची काळपट-लाल खपली धरली होती आणि मांस हाडावरून मागं सरकलं होतं. मी म्हणाले, एक तोडून खा. ती म्हणाली, पाहुण्यांच्या आधी कसं, उष्टं होतं.

पहिली पंगत बसली. वाढायला आई आणि मी. परात भरून नेली की रिकामी परत यायची. काकांच्या ताटाशेजारी हाडांचा ढीग वाढत होता आणि मी त्या ढिगाकडं बघत भाकरी वाढत होते. परातीत दोन-चार उरल्या तेव्हा आईला हळूच म्हणाले, वहिनीची काढून ठेव. आईनं माझ्या दंडाला चिमटा घेतला. अण्णा म्हणाले, पाहुण्याला वाढ. मग मी मोठ्यानं म्हणाले, वहिनीला ठेवायची आहे. काका हसले. "पत्रकं वाटून वाटून पोरीनं आता ताटात मोर्चा काढला." सगळे हसले. दादाही हसला. मशीन एक नंबर निघालं, असं कुणाला तरी सांगत त्यानं शेवटच्यातली एक उचलली.

पंगत उठली. आम्ही तिघी बसलो. आई नेहमीसारखं म्हणाली, "बायकांना बाई रस्साच चांगला लागतो," आणि पळी घेऊन पातेल्याकडं वळली. पातेलं नव्हतंच. रस्सा केलाच नव्हता. धुरातल्या बरगड्यांना रस्सा नसतो.

आई पळी धरून तशीच उभी राहिली. तिच्या सासूनं तिला, सासूला तिच्या सासूनं, सगळ्यांनी हेच वाक्य सांगितलेलं, आणि दर वेळी पातेल्यात काहीतरी असायचं. म्हणून ते वाक्य कधी उघडं पडलं नाही. आईनं पेटीतला थाळा आणला, तळाशी ओघळलेली चरबी आणि मसाला भाकरीच्या तुकड्यानं पुसून काढला आणि वहिनीच्या ताटात ठेवला. वहिनीनं खाल्ला. म्हणाली, "वास तर दिवसभर पोटभर घेतला की, आत्याबाई." आणि हसली. ते हसणं मला बघवलं नाही.

मी दादाला गच्चीवर गाठलं. तो पेटी पुसत होता. म्हणाले, पेटी कुणासाठी आणल्ती? त्यानं फडकं झटकलं. मग म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही ठेवली असल."

अण्णांनाही तसंच वाटलं होतं. आईला वाटलं, पोरगा बायकोसाठी ठेवील. एकानंही तिचा घास मुद्दाम हिसकावला नाही. सगळ्यांना वाटलं, दुसऱ्या कुणीतरी ठेवला असेल. मी मोर्च्यांत ज्यांच्याविरुद्ध घोषणा देते त्यांचा चेहरा तरी दिसतो. इथं चेहराच नव्हता, नुसतं धुऊन पालथं घातलेलं ताट होतं.

पेटीवर आता ताडपत्री आहे. नवरात्र सरायला अजून वेळ आहे. वहिनी संध्याकाळी वर जाते, झाकणाला नाक लावते आणि खाली येते. तोवर तिची इच्छा राहील का, तिला धूर सोसेल का, मला ठाऊक नाही. मी रोज तिला विचारते, आज काय खावं वाटतं, आणि उत्तराची भीती वाटते.

तुम्ही हे वाचताय, तुमच्याही घरात पंगती बसतात. "ठेवलं असेल" म्हणू नका. उठा, परातीत हात घाला आणि जिनं शिजवलं तिच्या ताटात पहिला तुकडा वाढा. पाहुण्याला हाक त्यानंतर मारा.