झोपताई

सिनेमात कोणी आपलं आपण झोपत नाही. कोणीतरी येऊन पलंगाच्या कडेला बसतं, पांघरूण सारखं करतं आणि म्हणतं, "झोप हं आता." बाहेरून आलेल्या सिनेमांत, मालिकांत, मुलांच्या कार्टूनांत हे वाक्य तुम्ही मराठीतून ऐकलं असेल, तर ते बहुतेक एकाच बाईच्या तोंडचं आहे. ही बाई डबिंग करते. पडद्यावरची बाई नुसते ओठ हलवते, आवाज हिचा येतो. हिचं नाव पडद्यावर कधी येत नाही, आणि आलंच तर तोवर निम्मे लोक खुर्च्या सोडून निघालेले असतात. स्टुडिओत मात्र तिला सगळे झोपताई म्हणतात, आणि तीही त्या नावाला ओ देते.

वाक्य तीन शब्दांचं, पण त्याचे नखरे विचारू नका. पलंगाशी बसलेली आई, हे त्यातलं सगळ्यात सोपं गिऱ्हाईक. विषाचा पेला पाजून झाल्यावर सावत्र राणी तेच म्हणते. ऑपरेशनच्या टेबलाजवळची नर्स तेच म्हणते. अंतराळयानातला संगणक प्रवाशांना गार पेट्यांत बंद करताना म्हणतो. भुताच्या सिनेमात ते पलंगाखालून येतं. आणि एका मारामारीच्या सिनेमात तर नायिका एका दांडगट गुंडाला एका ठोशात आडवा करते, केस मागे सारते आणि अगदी मायेनं म्हणते, "झोप हं आता."

हे शेवटचं भलतंच चाललं. गल्लीतली पोरं समोरच्याचा डाव उडवला की तेच म्हणायला लागली. कोपऱ्यावरच्या गादीवाल्यानं ते दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रांत ते चंद्राच्या शेजारी जाऊन बसलं. ऑफिसात कोणाची बोलती बंद केली की म्हणायचं ते हेच. एकदा भाजी घेताना झोपताईंच्या मागेच दोन कॉलेजची पोरं एकमेकांना हे ऐकवत होती. मूळ आवाजाची मालकीण समोर वांगी निवडतेय याचा त्यांना पत्ता नव्हता. बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. घरी येऊन नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "'हं' फार ओढतात हो."

हा 'हं' म्हणजे त्यांच्या धंद्यातली खुबी. पडद्यावरची बाई परक्या भाषेत बोलत असते, तिचे ओठ आपल्या सोयीनं थोडेच मिटतात? बोलून झाल्यावरही तिचं तोंड अर्धं उघडं राहिलं, तर ती फट कशानं तरी भरावी लागते, आणि 'हं' तिथं बरोब्बर बसतो. राणीचा 'हं' थंड, नर्सचा आखूड, भुताचा आत ओढलेल्या श्वासावरचा. बाई रेकॉर्डिंगला जाताना कपडे मऊ सुती घालतात, सळसळ होऊ नये म्हणून. कानातलं, घड्याळ काढून पर्समध्ये. निघण्यापूर्वी दोन घास पोटात ढकलतात, कारण उपाशी पोट नेमकं प्रेमाच्या प्रसंगात गुरगुरतं आणि माईक कोणाची भीडभाड ठेवत नाही.

आधी त्या टेलिफोन ऑफिसात होत्या. "थांबा, जोडून देते," एवढंच दिवसभर म्हणायच्या. एका गिऱ्हाईकाला तो आवाज आवडला, तो गृहस्थ नेमका स्टुडिओचा मालक निघाला, आणि बाईंचं नशीब तिकडे वळलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की मुद्द्याचं. रेकॉर्डिंग बहुतेक संध्याकाळी चालायचं, त्यामुळे मुलाला झोपवायचं काम नवऱ्याकडे. त्याची पद्धत साधी होती. "पडा आता, दिवा घालवतो," म्हणायचं आणि खरोखरच दिवा घालवायचा. पोरगं दोन मिनिटांत घोरायला लागायचं. बाई घरी येईपर्यंत सगळं शांत. मुलखाची पोरं झोपवली, स्वतःचं एक तेवढं राहिलं, असं त्या हसत हसत सांगत. हसत असल्या तरी त्याची रुखरुख त्यांना होतीच. एरवी बाईंची कशाबद्दल तक्रार नव्हती.

आता त्यांची सून दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं, दवाखान्यातच ठेवून घेतलं, मुलगा तिच्याजवळ, आणि नात आजीकडे आली. नात पहिलीत. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरी आईला सोडून कधी राहिली नव्हती; राहिलीच असेल तर मावशीकडे, तेही एखादी रात्र. आजीच्या घरी मुक्कामाला येण्याची ही पहिलीच वेळ. बाईंना कोण आनंद. खिडकीजवळचा पलंग झाडला, नवी चादर घातली, आणि मनातल्या मनात म्हणाल्या, आता बघा.

पहिल्या रात्री भिंगरी झोपली नाही. आईच्या नावानं इतकी रडली की शेजारच्यांनी दार वाजवून विचारलं. सकाळी मुलाचा फोन आला. तो म्हणाला, "आई, उगाच हाल नको तिचे आणि तुमचेही. मी तिला मावशीकडे सोडतो. तिथली सवय आहे तिला."

"अरे, एका रात्रीत काय ठरवतोस? दोन दिवस दे मला," बाई म्हणाल्या.

"बरं. परवा सकाळी फोन करतो. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर घेऊन जातो."

बाईंना ते लागलं. पोरीचे हाल त्यांनाही नको होते. पण मुलाच्या वेळी हुकलेलं नातीच्या वेळी मिळत होतं, आणि तेही हातचं जायची वेळ आली होती. त्या दिवशी त्यांनी सुनेला दवाखान्यात फोन केला, तब्येत विचारली, आणि बराच वेळ बोलत बसल्या. सुनेला वाटलं, सासूबाईंना आज फारच माया आली आहे. माया होतीच, पण बाईंचा कान कामाला लागला होता. ही वाक्य खाली कुठे सोडते, श्वास कुठे घेते, 'बाळा' म्हणताना जीभ किती सैल ठेवते, सगळं त्यांनी टिपून घेतलं.

संध्याकाळी जेवणं झाली. दिवा मालवला. भिंगरीनं भिंतीकडे तोंड करून मुसमुसायला सुरुवात केली. बाई पलंगाच्या कडेला बसल्या, पांघरूण सारखं केलं आणि हुबेहूब सुनेच्या आवाजात म्हणाल्या, "झोप हं आता, बाळा."

भिंगरी ताडकन उठून बसली. "आई?" तिनं अंधारात हात फिरवले. हाताला आजी लागली. तिनं पुन्हा "आई?" म्हटलं, दाराकडे पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, आणि मग तिला उमगलं. आदल्या रात्रीचं रडणं बरं म्हणायची वेळ आली.

"तू खोटी आहेस," ती हुंदके देत म्हणाली. "तू माझ्या आईचा आवाज घेतलास. परत दे."

ऐकणाऱ्याला हसू येईल, पण बाईंना त्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली. उभ्या जन्मात त्यांचा आवाज इतका चपखल बसला नसेल, आणि इतका वायाही गेला नसेल. भिंगरी उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली आणि आजोबांच्या आरामखुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसली. बसल्या बसल्याच केव्हातरी पेंगली. आजोबांनी तिच्यावर शाल टाकली.

आत येऊन ते म्हणाले, "अगं, चष्मा बनवताना दुसऱ्याचा नंबर घालून चालत नाही."

"कळलं हो मला," बाई म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात माल यायचा होता, आजोबांना सुटका नव्हती, आणि स्टुडिओतली तारीख बाईंना मोडता येईना. म्हणून भिंगरीला बरोबर नेलं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी तिला उंच खुर्चीवर बसवलं. ती आजीशी अबोला धरून होती, पण डोळे सगळीकडे फिरत होते. त्या दिवशी बोटबुडीचा सिनेमा होता. पडद्यावरची बाई समुद्रात हेलकावे खात मुलाला हाका मारते, ओरडते, लाटेखाली जाते, वर येते आणि पुन्हा ओरडते. आजी मऊ कपड्यांत, चप्पल काढून, एका जागी उभी राहून तेच ओरडत होती. अंगावर पाण्याचा थेंब नाही.

"ताई, जरा कमी पडलं. बाई बुडतेय," रेकॉर्डिस्ट बटण दाबून म्हणाला.

"मीही बुडायलाच आलेय रे," आजी म्हणाली, आणि पुन्हा ओरडली.

तेच ओरडणं कितीदा तरी झालं. कधी ओठ जुळेनात, कधी हातातल्या संवादाच्या पानाचा आवाज आला, कधी दिग्दर्शक नुसताच डोकं हलवायचा. भिंगरी आधी कान झाकून बसली, मग हसली, मग रेकॉर्डिस्टला हळूच म्हणाली, "तिला पाणी द्या ना." मधल्या सुट्टीत आजी बाहेर येऊन शेजारी टेकली, तेव्हा पोरीनं अबोला सोडून एकच प्रश्न विचारला.

"तुझा खरा आवाज कोणता?"

आत्ता बोलतेय तो, असं बाईंना म्हणता आलं असतं. पण आदल्या रात्री ज्या आवाजानं फसवलं, तोही याच गळ्यातला. भिंगरी उत्तराची वाट बघत होती. तेवढ्यात आतून हाक आली आणि बाई सुटल्यासारख्या उठून गेल्या. उरलेला अर्धा समुद्र त्यांनी संध्याकाळपर्यंत ओरडून संपवला.

घरी पोहोचेपर्यंत आवाज पार बसला. बोलायला गेलं तर घशातून वारा आल्यासारखं काहीतरी यायचं, मध्येच फाटायचं, मध्येच नुसतं तोंड हलायचं. असं या धंद्यात होतं. दोन दिवस गप्प बसायचं, कोमट पाणी प्यायचं, की गळा ताळ्यावर येतो. पण बाईंकडे दोन दिवस कुठले. उद्या सकाळी मुलाचा फोन येणार आणि आज रात्री हातात काहीच नाही. जेवताना त्या दोन घासांतच उठल्या. पोरगी जाणार, हे त्यांनी मनाशी धरून टाकलं.

भिंगरी मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होती. बाई पलंगावर जाऊन पडल्या तशी तीही आत आली आणि कडेला बसली.

"आजी, काहीतरी बोल."

"काय बोलू गं," बाई म्हणाल्या. म्हणाल्या म्हणजे खरखरल्या. कुठलाच सिनेमा तो आवाज दारात उभा करणार नाही.

भिंगरीनं कान जवळ आणला. "हा कोणाचा आहे?"

"हा माझाच. दुसरा राहिलाच नाही."

पोरगी विचारात पडली. मग तिनं ठरवल्यासारखी मान हलवली. उठून कोमट पाण्याचं भांडं दोन्ही हातांनी धरून आणलं, अर्धं वाटेत सांडलं, उरलेलं आजीला पाजलं. "दुखतंय?" विचारलं. बाईंनी मान डोलावली. मग भिंगरी पलंगावर चढली, पांघरूण ओढून आजीच्या गळ्यापर्यंत आणलं आणि ते नीट खोचता येईना तशी त्याच्यावरच बसली.

"आता बोलायचं नाही," ती म्हणाली. "डोळे मीट. मी आहे इथं. झोप..."

बाईंचा कान आयुष्यभर हेच वाक्य ऐकत आला होता. रस्त्यात, दवाखान्यात, लग्नघरात कोणी पोराला झोपवताना दिसलं की त्या थबकायच्या, सूर टिपून घ्यायच्या, कुठेतरी कामाला येईल म्हणून. भिंगरीचं ते वाक्य पुरं झालं की नाही, तिनं 'हं' म्हटलं की नाही, हे त्यांना आजही सांगता येत नाही. त्याच्या आधीच त्यांचा डोळा लागला होता.

पुढचं आजोबांनी सांगितलं. भिंगरी बराच वेळ आजीला थोपटत बसली. आजोबा दाराशी आले तेव्हा तिनं तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. मग त्यांनाच दिवा घालवायला लावला आणि आजीच्या पोटावर पाय टाकून आडवी झाली. सकाळी उन्हं पलंगावर आली तरी दोघी तशाच.

फोन वाजला तो मुलाचा. बाईंचा आवाज अजून बसलेलाच, म्हणून भिंगरीनं फोन घेतला. "मी येऊ का गं न्यायला? मावशीकडे जायचं ना?" तिकडून बाबा विचारत होते.

भिंगरीनं एकदा आजीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, मला नाही येता येणार. मी नसले की आजीला झोप लागत नाही."