मीराब शोदमोनचं यंत्र

आमच्या गावात कालव्याचं पाणी कुणाला किती वेळ द्यायचं, ते मीराब ठरवतो. इसफाराकडच्या या कोरड्या पट्ट्यात कालवा एक आणि जर्दाळूच्या बागा साठ, त्यामुळे मीराबाला शिव्या ठरलेल्याच. शोदमोनने त्या बारा वर्षं खाल्ल्या. मग त्याला वाटलं, माझ्यावर नाही तर नाही, यंत्रावर तरी लोक विश्वास ठेवतील.

सैन्यात तो रेडिओ दुरुस्त करायचा. खुजंदच्या बाजारातून त्याने बोटाएवढा सर्किटबोर्ड, काडेपेटीएवढा पडदा आणि बारकी बटणं आणली. जुन्या फोनची बॅटरी जोडून सगळं साबणाच्या डबीत बसवलं आणि हिवाळाभर प्रोग्रामची एकेक ओळ टाइप करत राहिला.

"एवढं लक्ष कधी माझ्याकडे दिलं असतंत तर!" बायको म्हणायची.

बागेचं नाव घातलं की यंत्र उरलेलं पाणी सेकंदांत दाखवायचं. न घेतलेली पाळी पुढे जमा व्हायची. वसंतात भांडणं खरंच थांबली. मग मे महिन्यात, आम्ही सगळे जिला खोला, म्हणजे मावशी, म्हणतो त्या मस्तूराच्या नावापुढे वजा आकडा आला.

"खोला, तुम्ही वाट्यापेक्षा जास्त पाणी घेतलंय," शोदमोन सगळ्यांदेखत म्हणाला.

"अरे, कडेवर खेळवलंय तुला! मी चोर?"

"मी नाही म्हणत. यंत्र म्हणतंय."

आमच्यापैकी कुणीही तिची बाजू घेतली नाही, मीही नाही. तिच्या दोन पाळ्या बंद झाल्या. फळं भरायचे दिवस. हिरवे जर्दाळू टपाटप गळले.

पुढे कंबर धरल्यामुळे शोदमोनच्याच दोन पाळ्या चुकल्या. पाणी थेंबभर घेतलं नव्हतं, तरी त्याच्या नावापुढे वजा! त्याने एकेक ओळ तपासली. बत्तीस हजार सातशे सदुसष्टहून मोठा आकडा त्या यंत्रात मावत नव्हता. उलटून वजा व्हायचा. म्हणजे खोलाचं पाणी संपलं नव्हतं, साठलं होतं.

तो तिच्या अंगणात गेला, मीही सोबत होतो. ती गळलेली फळं झाडत होती.

"यंत्र चुकलं म्हणतोस?"

"नाही खोला. मी चुकलो."

"विचारायचंस तरी. लेक बाळंत झाली म्हणून मी खुजंदला होते. पाणी कोण घेणार?"

शोदमोनने चायखान्यात चूक कबूल केली, दोन ओळी बदलल्या आणि हंगामभर आपलं पाणी तिला दिलं. तिने ते घेतलं. त्याची निम्मी बाग वाळली.

त्याच्या सलामाला ती अजून उत्तर देत नाही. माझ्या सलामाला देते, आणि मला मान वर करता येत नाही.