मामाची लाथ

१९५८ सालची दिवाळीची सुट्टी. नागपूरला डॉक्टरकी शिकणारी विजयमाला घाटंजीला मामाकडे आली, ती रबरी हातोडी घेऊनच. मोठ्या सरांचा हुकूम होता : पन्नास माणसांच्या गुडघ्याखाली हातोडी मारा, पाय किती उडतो ते कोनमापकानं मोजा. वही पूर्ण करेल त्यालाच मज्जातंतूंच्या प्रयोगशाळेत जागा.

एकोणपन्नास झाले. पहिल्या शकुबाई मामी. एकोणपन्नासाव्या होत्या शेजारीण जैबुनबी; त्यांचा पाय असा उडाला की त्या किंचाळल्याच, "या अल्ला! घर में एक यही तो मेरा कहना मानता था!"

आता तासाभरात नागपूरची बस. सारं गाव कापूस वेचायला गेलेलं. उरले फक्त विठ्ठलमामा.

"मामा, तुमचा गुडघा द्या."

"कायले?"

"हातोडी मारली का पाय आपोआप उडते."

"समोर कोन बसन?"

"मीच."

मामांनी कान धरले. विदर्भातल्या रीतीप्रमाणे ते भाची आली की आधी तिच्या पाया पडत, मग पाणी विचारत. "भाचीले लाथ मारू? नरकातही जागा नाही भेटनार मले, माय!"

"अन् मले प्रयोगशाळेत नाही भेटनार!" विजयमालानं वहीचं कोरं पान त्यांच्यापुढे धरलं.

मामा विरघळले. कापसाच्या मोठ्या गाठोड्यावर पाय लोंबते सोडून बसले. हातोडी पडली. पाय ढिम्म! पुन्हा हातोडी. पुन्हा ढिम्म!

"ढिला सोडा ना पाय!"

"ढिलाच हाय," मामा म्हणाले. मांडी मात्र दगडासारखी आवळलेली.

तेवढ्यात शकुबाई आल्या. "अवो, पोरगी तपासून राह्यली अन् तुमी चंची धरून बसले? आना इकडं!"

"माह्या तंबाखूले हात नको लावू!"

दोघांची ओढाओढ सुरू झाली. मामांचे दोन्ही हात चंचीला, दात आवळलेले, पायाचं भानच नाही. विजयमालानं नेम धरला. टक्!

पाय उडाला. भाचीचा चष्मा उडाला. विजयमाला मागं ठेवलेल्या सुपात पडली.

मामा धाडकन तिच्या पायांवर. "चुकलो वो माय!"

"मामा, उठा! मोजाचं राह्यलं! मामी, पुन्हा ओढा!"

तीनदा मोजलं. तीनदा लाथ बसली, आणि तीनही वेळा मामा खाली उतरून पाया पडले. बस धावतच गाठावी लागली.

मोठ्या सरांनी वही पाहिली. "हातांना ओढ लावली की पाय जास्त उडतो, हे पुस्तकात आहे. पण पन्नासाव्यापुढे 'तीन नमस्कार' काय लिहिलंय?"

"सर, तेही आपोआपच होतं. थांबवता येत नाही."

सर इतके हसले की शिपाई पाणी घेऊन धावला. जागा मिळाली.

बातमी सांगायला ती घाटंजीला आली, तेव्हा मामा हातात चंची घेऊनच सवयीनं वाकले. शकुबाई ओरडल्या, "आधी चंची ठेवा बाजूले! नाहीतर डॉक्टरीनबाईले पुन्हा लाथ बसन!"