दादा मोजत असताना

दादा तार गुंडाळायला बसले की त्यांच्याशी बोलायचं नाही, हे उल्हासनगर कॅम्प चारमधल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. पंचाऐंशी साली मी तिथल्या शाळेत शिक्षक म्हणून नवा लागलो होतो आणि नव्या मास्तराला जी कामं मिळतात त्यातलं एक, म्हणजे शिक्षकखोलीतला जळलेला पंखा सायकलच्या कॅरियरला बांधून, त्यांच्या दुकानात नेण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. पांढरा पायजमा, पांढरी बंडी घातलेले एक गृहस्थ लाकडी साच्यावर तांब्याची तार गुंडाळत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मी आपला म्हणालो, "अहो, शाळेतला पंखा आणलाय."

त्यांनी हात थांबवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळी तार उलटी सोडली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. हिकु, ब, टे, चारि. शेजारच्या गाडीवरचा सोडावाला हरेश ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायच्या खुणा करत होता. वीसेक मिनिटं मी तिथे अपराध्यासारखा उभा. शेवटचा फेरा झाला, गाठ बसली, तेव्हा कुठे दादांनी मान वर केली आणि अगदी हसून म्हणाले, "हां, बोलो."

"एखादा फेरा इकडेतिकडे झाला तर काय होतं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"पंखा फिरेल. थोडा गरम होईल. का गरम होते, ते तुला नाही समजणार, तुझ्या हेडमास्तरला नाही समजणार. मला समजणार." मग म्हणाले, "मराठी मला येते, मास्तर. पण गिनती सिंधीतच येते."

पुढची तेरा-चौदा वर्षं मधल्या सुट्टीचा माझा चहा त्या दुकानात झाला. अंबरनाथ पश्चिमेहून सायकल मारत यायचं, शाळेत घसा कोरडा करायचा आणि साडेबाराला दादांच्या बाकावर टेकायचं. दादा चहा बशीत ओतून पीत आणि अर्धा मला देत. दुकानाला पाटी नव्हती. दारावर खडूने 'मोटर रिवाइंडिंग' लिहिलेलं होतं, तेही पुसट. सारी गल्ली त्यांना दादा म्हणे, म्हणून मीही दादा म्हणे. त्यांचं नाव काय, हे मी कधी विचारलं नाही. ते आताच सांगून टाकतो, कारण माझं सगळं पाप त्यातच आहे.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. मतदारसंघ, बहुमत, मंत्रिमंडळ, सगळं तोंडपाठ. आणि तरी एकोणनव्वदच्या निवडणुकीच्या आधी मी बाकावर बसून ऐटीत म्हणालो, "मी तर सरळ पंतप्रधानाला मत देणार. इथला उमेदवार कोण आहे, याच्याशी मला काय करायचंय?"

"पंतप्रधानाचं नाव आहे पर्चीवर?"

"नाव नसतं हो. पण अर्थ तोच ना."

दादा खो खो हसले. "शाळेत हेच शिकवतो?"

मग त्यांनी मला बाजाराच्या व्यापारी मंडळाची गोष्ट सांगितली. बाजारात पाच गल्ल्या. प्रत्येक गल्लीने एक माणूस निवडायचा आणि त्या पाच जणांनी मिळून प्रधान ठरवायचा. एका वर्षी कापडवाला शेट उभा राहिला. माणूस लाडका, दिवाळीला साऱ्या बाजारात मिठाई वाटणारा. त्याची कापडगल्ली मोठी, साठ दुकानांची, ती झाडून त्याच्या बाजूने. सोनारगल्लीही त्याचीच. त्याने हार आधीच सांगून ठेवले होते. दादांची गल्ली नऊ दुकानांची. तिथे चार मतं शेटच्या माणसाला, चार दुसऱ्या एका चष्मेवाल्याच्या माणसाला, आणि नववा हरेश गाडीवर ताडपत्री टाकून लग्नाला निघालेला. दादांनी त्याला विठ्ठलवाडी स्टेशनातून परत आणला. उरलेल्या दोन गल्ल्यांतही असंच थोडक्यात झालं. तीन विरुद्ध दोन. चष्मेवाला प्रधान झाला.

"पण एकूण मतं तर शेटलाच जास्त असतील," मी म्हणालो.

"जास्त म्हणजे? डबल. पण बाजार में कौन कितना प्यारा है, वो कोई नहीं गिनता. गल्ली मोजतात. दिल्लीत पण तेच. तू तुझी गल्ली सांभाळ, मास्तर. दिल्लीवाला आपोआप ठरतो."

दुसऱ्या दिवशी मी आठवीच्या वर्गात हीच गोष्ट सांगितली, अर्थात माझीच म्हणून. पोरांना पहिल्यांदाच तो धडा समजला.

मतदान म्हणजे दादांचा सण. दाढी करून, कडक इस्त्रीचे कपडे घालून ते सकाळी सातला रांगेत पहिले. त्यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. फाळणीनंतर सतरा वर्षांचे असताना ते आईबरोबर बोटीने मुंबईला आणि तिथून या लष्करी छावणीत आले. बॅरेकमध्ये जागा मिळाली, मधे गोणपाटाचे पडदे. रेशन असो, घोंगडी असो, हाक मारायची ती नंबराने. "तेरा नंबर, सात. असं ओरडायचे. तेरा नंबर बॅरेक, सात नंबर खोली. चार-पाच वर्षं मी सात नंबर होतो. मग बावन्न साली इलेक्शन आलं. आत गेलो तर बाबूने यादी बघितली आणि मोठ्याने माझं नाव वाचलं. बापाच्या नावासकट. बाप तर तिकडेच राहिला होता. या मुलखात त्याचं नाव पहिल्यांदा कोणी घेतलं असेल तर त्या बाबूने."

मी 'अरेरे' का असंच काहीतरी म्हणालो आणि घंटा झाली म्हणून उठलो. तेव्हा तरी विचारायला हवं होतं, की दादा, ते नाव कोणतं? आणि 'तेरा नंबर' हा आकडा डोक्यात ठेवायला हवा होता. मी दोन्हीही केलं नाही.

नव्याण्णव साल उजाडलं तेव्हा मतदारयाद्या तपासण्याचं काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात पडलं. घरोघरी जायचं, यादीतला माणूस तिथे राहतो का पाहायचं, नसेल तर नावावर रेघ मारून पुढे 'स्थलांतरित' किंवा 'मयत' लिहायचं. शाळा सुटल्यावर ते करायचं, वर हेडमास्तरांची घाई. घरोघरी म्हणजे किती घरोघरी, हे ज्याचं त्याला माहीत. माझ्याकडची शेवटची दोन पानं राहिली होती. मी ती घेऊन सरळ दादांच्या बाकावर बसलो, कारण तिथे बसून गल्लीतल्या कुणाचीही खबर मिळायची.

दादा मोजत होते.

पान उघडलं तर वर 'बॅरेक क्रमांक १३', खाली अकरा नावं. त्या जागी दोन वर्षांपूर्वीच चारमजली इमारत उठली होती. दादांना विचारायचं म्हणून मी तोंड उघडलं, पण साच्यावर तार चालू होती. मी गाडीवरच्या हरेशला हळूच विचारलं, "तेरा नंबर बॅरेकवाले कुठे गेले रे?"

"वो तो टूट गई ना, सर. सब चले गए, कोई इधर, कोई उधर."

मी पट्टी ठेवली आणि अकराच्या अकरा नावांवरून एकच तिरकी रेघ ओढली. पुढे 'स्थलांतरित' लिहिलं, सही ठोकली. कागद आवरतो आहे तोच दादांचा फेरा संपला. गाठ मारून त्यांनी मान वर केली.

"हां, बोलो."

"काही नाही," मी म्हणालो. "झालं."

त्यांनी चहा मागवला. माझ्या हातातल्या कागदांकडे बघून म्हणाले, "नीट बघ, मास्तर. नाव आहे, मच्छर नाही." मी हसलो आणि चहा प्यायलो.

कच्च्या याद्या शाळेत लावल्या तेव्हा दादा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बदलापूरला लेकीकडे, कांताकडे होते. एरवी ते कुणाकडून तरी आपलं नाव वाचून घेत. त्यांना सिंधी लिपी यायची, देवनागरी जेमतेम. ते हिरवी पट्टी लावून परत आले तेव्हा हरकती घेण्याची मुदत संपून गेली होती.

एप्रिलमध्ये दिल्लीतलं सरकार एका मताने पडलं. मी सुट्टीत गेलो तर दादा रेडिओला कान लावून बसलेले, समोर तार तशीच पडलेली. "एक हात, मास्तर. एकच. तो पण कुठल्या तरी गल्लीने पाठवला असेल. त्या गल्लीत मतदानाला किती लोक घरी झोपले असतील, सांग." पुढे दोन-तीन महिने त्यांनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला व्यापारी मंडळाची गोष्ट ऐकवली. पंखा नेताना माणसाकडून मताचं वचन घेत. काही जण पंखा दुसरीकडे नेऊ लागले.

मतदानाच्या दिवशी माझं नाव राखीव कर्मचाऱ्यांत होतं. दुपारी आम्हाला सोडलं आणि मी सहज शाळेवरच्या केंद्राकडे वळलो. बाहेर टेबलापाशी दादा उभे होते. कडक इस्त्री पार चुरगळली होती. सकाळी सातपासून ते तिथेच होते. टेबलावरची पोरं कंटाळून म्हणत होती, "अंकल, नहीं है बोला ना. चार बार देखा."

मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. "मास्तर आला. सरकारी माणूस आहे, तो बरोबर वाचेल. बघ रे. परसराम आसनदास."

चौदा वर्षांनी मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे ऐकलं पहिल्यांदा. वाचलं होतं आधीच. यादीच्या शेवटी वगळलेल्या नावांचं पान होतं. बॅरेक तेरा, खोली सात, परसराम आसनदास. माझ्या रेघेखालचं चौथं नाव.

"आहे?" दादांनी विचारलं.

"दिसत नाही," मी म्हणालो. "छापताना काहीतरी घोळ झाला असेल."

ते आत गेले नाहीत, कुणाशी भांडले नाहीत. थोडा वेळ खोलीच्या दाराकडे बघत राहिले. आत बाबू कुणाचं तरी नाव मोठ्याने वाचत होता. मग ते दुकानाकडे चालू लागले. मी त्यांच्याबरोबर गेलो नाही.

आठ दिवस मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. मनाशी वकिली चालू होती. नियमाप्रमाणे माझं चूक काय? बॅरेक पडली होती, दादा दुकानामागच्या खोलीत राहत होते, म्हणजे जागा बदललीच होती की. शंभर पावलांवर का होईना. त्यांनी पत्ता बदलून घ्यायला हवा होता. हे सगळं बायकोला ऐकवलं तर ती म्हणाली, "मग सांगून या ना त्यांना, तुमचं काही चुकलं नाही म्हणून."

नवव्या दिवशी गेलो आणि सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठे बसून लिहिलं?"

"इथेच. या बाकावर."

"मी कुठे होतो?"

"समोर. मोजत होता."

दादा साच्याकडे वळले. म्हणाले, "थांबायचं ना, मास्तर. किती राहिले असतील? पन्नास फेरे? साठ?"

एवढ्या वर्षांत ते मला एकही कडू शब्द बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि बहुधा ते त्यांना कळत होतं. काही वेळाने ते म्हणाले, "माझं सोड. त्या रेघेखाली आणखी किती होते?"

"तुम्हाला धरून अकरा."

"चल, शोधायचे."

पुढचे तीन रविवार आम्ही त्यांना शोधत हिंडलो. एक अंबरनाथ पूर्वेला मुलाकडे सापडला, दोघी बहिणी कॅम्प पाचमध्ये, एक म्हातारी तर त्याच नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. ती दारातच म्हणाली, "मी कुठे गेले? मी तर इथेच आहे." तिघे खरोखर वारले होते. बाकीच्यांचा पत्ता लागला नाही. सापडलेल्यांचे अर्ज मी भरले, शेवटी दादांचाही भरला. पत्त्याच्या रकान्यात दुकानामागची खोली लिहिली. दादांनी बोटाने एकेक अक्षर तपासलं आणि विचारलं, "पुढच्या वेळी बाबू वाचेल ना?"

"वाचेल," मी म्हणालो.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र बदलली. चहा मिळायचा, पण आता ते मला वेगळा कप देत. बशीतला अर्धा नाही.

डिसेंबरात थंडीतच ते गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. कांताने बदलापूरहून येऊन सगळं केलं. मी स्मशानात होतो. तिला काही माहीत नव्हतं. ती माझ्या पाया पडली, म्हणाली, "पप्पा सांगायचे, मास्तरने माझं नाव परत लावून दिलं." मी तिला फक्त उठवलं.

नवी यादी जानेवारीत आली. त्यात ते होते. परसराम आसनदास, वय एकोणसत्तर, पत्ता बरोबर, एक काना इकडचा तिकडे नाही. आणि पुढच्या तपासणीला तोच भाग पुन्हा माझ्याकडे आला. मी यादी घेऊन गल्लीत गेलो. दुकान बंद, खडूची अक्षरं पुसून गेलेली. हरेश गाडीवरून म्हणाला, "सर, किसको ढूँढते हो? दादा तो गए. आपको तो मालूम है."

मालूम होतं. तरी मी दारापर्यंत गेलो, कडी वाजवली आणि साठ मोजेपर्यंत थांबलो. मग तिथेच उभ्याने, पट्टी लावून, त्या एकाच नावावर रेघ मारली.

पुढच्या रकान्यात 'मयत' लिहायचं होतं. त्याआधी मी नाव मोठ्याने वाचलं, त्यांच्या बापाच्या नावासकट.